पहाटेचा गारठा, अंधार आणि ड्रोन: निफाडच्या बागांमधून शिकलेलं

डिसेंबरच्या शेवटी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा किमान तापमानाचा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला, की निफाड तालुक्यात रात्रभर जाग असते. पारा पाच-सहावर उतरला म्हणजे मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, विहिरीचं कोमट पाणी पहाटे ठिबकने सोडलं जातं, आणि मला फोन येतो, "भाऊ, उद्या ते थर्मलचं उडवता का?"

माझं काम म्हणजे थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, कॅमेऱ्याचा ड्रोन सूर्योदयाच्या आधी बागेवरून फिरवायचा आणि गारठा नेमका कुठे साचतो ते दाखवायचं. मग शेकोटी कुठे लावायची, पाणी आधी कुठल्या व्हॉल्व्हला सोडायचं, हे ठरवता येतं. दिवसा ड्रोन उडवणं आता शाळकरी पोरालाही जमतं, कारण ड्रोन स्वतःला सांभाळतो. थंडीत आणि अंधारात मात्र त्याचे आधार एकेक करून सुटत जातात. कुठला आधार कधी सुटतो हे जमिनीवर असतानाच माहीत असेल तर काम होतं, नाहीतर ड्रोन शोधत ओळीओळींतून हिंडावं लागतं. मी हिंडलोय.

आधी नकाशा, मग माणसं

ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. नॅनो आणि हौसेखातर उडवलेला मायक्रो सोडला, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. पैसे घेऊन काम करणार असाल तर मायक्रोलाही पळवाट नाही. ड्रोनला नोंदणीचा क्रमांक हवा, आणि नॅनो सोडून बाकीच्यांना त्रयस्थ विमाही. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो.

ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशावर हिरव्या भागात 120 मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 60 मीटरवर येते. त्याहून जवळ गेलात तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, आणि लाल भागात केंद्र सरकारची. नाशिककरांनी हे मनावर घ्यावं, कारण ओझरच्या विमानतळाभोवती द्राक्षाच्याच बागा आहेत. 'माझंच शेत, माझाच ड्रोन' हे तिथे चालत नाही. देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, नाशिकरोडची नोटप्रेस या बाजूंना तर नकाशा उघडायचीही गरज नाही, ड्रोन गाडीतच राहू द्या. शिवाय पोलिसांचे प्रतिबंधात्मक आदेश मधूनमधून निघत असतात. ते नकाशावर दिसतीलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी ठाण्यात विचारून घ्यायचं. 2027च्या सिंहस्थाच्या काळात तर हे विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

कागदांइतकीच गावाची परवानगी महत्त्वाची. 2024च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशी हूल उठली आणि लोकांनी काठ्या घेऊन रात्री जागवल्या. ती भीती अजून गेलेली नाही. मी उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी पोलिस पाटलांना फोन करतो आणि गावाच्या ग्रुपवर वेळ, गट नंबर, दिव्याचा रंग आणि माझा नंबर टाकायला सांगतो. एकदा हे राहून गेलं. पहाटे पाच वाजता दोन मोटारसायकली थेट माझ्या अंगावर प्रकाशझोत टाकत आल्या. रिमोट हातात, ड्रोन वर, आणि समोर सहा जण. त्या प्रसंगात मी त्यांना ड्रोनची स्क्रीन दाखवू की ड्रोन उतरवू, हे मला दोन मिनिटं कळत नव्हतं.

दिवसा एकदा जाऊन या

रात्री उडवायची जागा दिवसा पायी बघितल्याशिवाय उडवायची नाही, हा माझा एकमेव हट्ट आहे. अंधारात तार दिसत नाही. अकरा केव्हीची लाइन, खांबाचा ताण, बागेवरची पक्ष्यांची जाळी, नवीनच उभा राहिलेला मोबाइल टॉवर, हे सगळं दिवसा मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवायचं. 'रिटर्न टू होम'ची उंची सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा किमान वीस मीटर जास्त लावायची. संपर्क तुटला की ड्रोन त्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत घरी, म्हणजे उडाला तिथे, येतो. मधल्या लिंबाच्या झाडाचा तो विचार करत नाही.

उतरायची जागाही दिवसाच ठरते. द्राक्षाचा मंडप म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचं जंगल. त्याच्या पोटात उभं राहून ड्रोन चालू केला तर कंपास गोंधळतो. ट्रॉलीवरून, सळईच्या काँक्रीटवरून, विहिरीच्या लोखंडी जाळीवरूनही उडवू नका. मी बांधावरची किंवा खळ्यातली मोकळी जागा घेतो. तिथे ताडपत्री अंथरतो, कारण दवाने भिजलेलं गवत आणि धूळ दोन्ही मोटरीत जातात.

नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला काम आलं तर मी नाही म्हणतो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं ते अभयारण्य आहे. हिवाळ्याच्या पहाटे तिथलं आकाश पक्ष्यांचं असतं.

बॅटरी: सगळ्यात आधी हीच दगा देते

आपली थंडी लडाखची नाही. काही ड्रोनच्या पुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश लिहिलेलं असतं, काहींत उणे दहापर्यंत. मग पाच अंशांना काय होणार, असं मलाही वाटायचं. दुसऱ्याच हिवाळ्यात बॅटऱ्या रात्रभर जीपमध्ये राहिल्या आणि मी पहाटे तशाच लावल्या. स्क्रीनवर 38 टक्के दिसत होते. शेजारच्या बागेवरून परत येताना निलगिरीची रांग चुकवायला मी रिमोटची काडी वर ढकलली, आणि 38 टक्क्यांवर ड्रोनने स्वतःहून उतरायला सुरुवात केली. तो शेजाऱ्याच्या मंडपावर बसला. चार-पाच घड गेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण चहाला बसलं की विषय अजून निघतो.

झालं ते असं. लिथियम बॅटरीतला द्राव गारठ्याने घट्ट होतो, आयन हळू सरकतात, आतला विद्युतरोध वाढतो. समजा एका सेलचा रोध 10 मिलिओहमवरून 20 वर गेला. स्थिर तरंगताना 15 अँपिअर लागतात, म्हणजे 0.15 व्होल्टची घट 0.30 होते. चढताना 30 अँपिअर ओढले की तीच 0.60 होते. विश्रांतीत 3.7 व्होल्ट दाखवणारा सेल त्या क्षणी 3.1 वर येतो, आणि यंत्राला वाटतं बॅटरी संपली. टक्केवारी खोटी नव्हती. बॅटरीत ऊर्जा होती, ती मागितली त्या वेगाने बाहेर येत नव्हती.

म्हणून माझी पद्धत अशी. बॅटऱ्या रात्री घरात, पूर्ण भरून. निघताना थर्माकोलच्या खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळून, बाजूला गरम पाण्याची पिशवी. पिशवी बॅटरीला थेट टेकवायची नाही. शेकोटीजवळ शेकायचं नाही, गाडीच्या हिटरच्या झोतासमोर धरायचं नाही. अॅपमध्ये बॅटरीचं तापमान दिसतं. ते 20 अंशांच्या वर असल्याशिवाय मी उडवत नाही. उडाल्यावर दोन-तीन मीटरवर एक मिनिट नुसतं तरंगू द्यायचं, बॅटरी स्वतःच्या कामाने तापते. त्या मिनिटात आवाज, थरथर आणि सेलचे व्होल्ट बघून घ्यायचे. नंतर सगळं सावकाश, काडी झटकायची नाही. टक्के चाळीसवर आले, किंवा कुठलाही सेल भाराखाली 3.5 व्होल्टला टेकला, की घरी.

गार बॅटरी तशीच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची खराब, प्रसंगी धोकादायक होते. आपल्याकडे शून्य क्वचित, तरी घरात अर्धा-पाऊण तास ठेवून मगच लावावी. रिमोटला लावलेला मोबाइलही थंडीत अचानक मान टाकतो. तो पूर्ण भरलेला असावा आणि उडवेपर्यंत खिशात राहावा. बोटं कापलेले हातमोजे घाला. बधिर अंगठ्याला काडी किती दाबली गेली ते कळत नाही.

अंधारात ड्रोन आंधळा होतो

ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेरा जमिनीकडे बघून ड्रोनला जागेवर धरतो, आणि पुढचे-मागचे कॅमेरे अडथळे टाळतात. त्यांना उजेड लागतो. रात्री ते गेले, की उरतो फक्त उपग्रहांचा आधार. म्हणून पुरेसे उपग्रह मिळून होम पॉइंट नोंदला गेल्याचं बघितल्याशिवाय पाती फिरवू नका. दिवसा एका जागी खिळलेला ड्रोन रात्री मीटर-दीड मीटर सरकतो. हा बिघाड नाही, तेवढी जागा सोडून उडवायचं एवढंच.

वर एक लुकलुकणारा दिवा बसवा. तो उपग्रहांच्या अँटेनावर येऊ नये आणि त्याचा उजेड कॅमेऱ्यात शिरू नये. ड्रोनचं तोंड कुठे आहे हे अंधारात दिव्यांवरूनच कळतं. बऱ्याच क्वाडकॉप्टरांना, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनना, पुढे लाल आणि मागे हिरवे दिवे असतात. विमानाचा हिशेब निराळा, त्याच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा. सवय घरच्या अंगणात करा, बागेत नको.

स्वतःच्या डोळ्यांचंही बघा. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चने ती कमाई क्षणात जाते. स्क्रीनचा उजेड कमीत कमी, टॉर्चला लाल कागद. आणि सोबत एक माणूस हवाच. मी स्क्रीन बघतो तेव्हा तो ड्रोन बघतो.

धुकं असेल तर उडवू नका. गोदावरी-कादवाच्या काठाने ते पाहता पाहता चढतं. थर्मल कॅमेऱ्यालाही दाट धुक्यातून फारसं दिसत नाही, काचेवर दव बसतं, आणि पारा शून्याजवळ असेल तर पात्यांवर बर्फाचा पापुद्रा धरू शकतो. गार हवा दाट असते, उचल चांगली मिळते, पण पापुद्रा धरलेलं पातं ती सगळी मेहनत वाया घालवतं.

थर्मल चित्र वाचायचं कसं

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि गारठा त्याच्या जरा आधी सगळ्यात जास्त असतो. मी साडेपाच ते पावणेसात ही वेळ धरतो. ऊन पडून पंधरा मिनिटं झाली की चित्र बदललंच.

उंची 40 मीटर, वेग सेकंदाला तीन-चार मीटर. माझ्या कॅमेऱ्यात 640 बाय 512 ठिपके (पिक्सेल) आहेत. त्या उंचीवरून एका ठिपक्यात जमिनीचे साधारण पाच सेंटिमीटर येतात, म्हणजे ओळीतला वेल आणि मधली माती वेगळी कळते. जास्त वेगाने गेलात तर चित्र फिसकटतं, कारण उष्णता टिपणारा ठिपका बदलाला थोडा वेळ घेतो. दर काही मिनिटांनी 'टक' असा बारीक आवाज होऊन चित्र गोठतं. कॅमेरा स्वतःला जुळवून घेतो, घाबरू नका.

स्क्रीनवरच्या आकड्यावर जीव टाकू नका. तो दोन अंश इकडेतिकडे सहज असतो. बागेत दोन साधे थर्मामीटर टांगा आणि चित्रातला फक्त फरक वाचा: हा कोपरा त्या कोपऱ्यापेक्षा दोन अंशांनी गार, एवढंच. पत्र्याचं छप्पर काळंकुट्ट, भोक पडल्यासारखं दिसतं. ते तितकं गार नसतं, चकचकीत धातूत वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. शेततळं मात्र पांढरं, उबदार. आणि वेलीचं पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार, कारण निरभ्र रात्री ते आपली ऊब आकाशात सोडून देतं.

पहिल्यांदा असं चित्र एका तात्यांना दाखवलं. बागेच्या खालच्या अंगाला, उसाच्या बांधाला लागून, निळा डाग होता. वरून घरंगळत आलेली गार हवा उसाच्या भिंतीशी अडून बसली होती. तात्यांनी मफलर सोडला, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "तिथं गारठा बसतो ते मी तुला मशीनबिगर सांगितलं असतं. दरसाल तिथलेच मणी तडकत्यात." मग जरा थांबून, "पर तो वरचा डाग नवा हाय." वरचा डाग मागच्या उन्हाळ्यात घातलेल्या बांधामुळे होता. त्या दिवसापासून मी चित्र दाखवण्याआधी शेतकऱ्याला विचारतो की गारठा कुठे बसतो, आणि ड्रोनने फक्त नवं काय ते शोधायचं.

याच कॅमेऱ्याने बिबट्या शोधून द्या, अशीही मागणी येते. उसाच्या पानांआडचं थर्मलला दिसत नाही. पाचटात बसलेला प्राणी वरून सुटतो आणि लोक 'ड्रोनने बघितलं, काही नाही' म्हणून आत शिरतात. हे काम वनविभागाबरोबरच करायचं, हेल्पलाइन 1926.

उतरल्यावर

बाहेर पाच अंशांवर गारठलेला ड्रोन थेट चुलीजवळच्या खोलीत नेला की चष्म्यावर धरते तशी वाफ त्याच्यावर आतून-बाहेरून धरते. बाहेरच तो हवाबंद पिशवीत घालायचा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि घरात तासभर तसाच ठेवायचा. पाणी पिशवीवर धरतं, सर्किटवर नाही. आठवडाभर काम नसेल तर बॅटऱ्या सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.

अंधारात ड्रोन पडलाच तर धावू नका. अॅपमधली शेवटची जागा लिहून घ्या, मोटर चालू नसल्याची खात्री करा, मग अॅपमधून त्याचे दिवे किंवा बीप चालू करून ऐका. पहाटे शांतता असते, बीप लांबून येतो. फुगलेली किंवा धुरकट बॅटरी दिसली तर हात लावू नका.

आकाशातला अनोळखी दिवा

आता उलट बाजू. रात्री गावावर दिवा दिसला, तो ड्रोन आहे का? मला येणाऱ्या दहा फोनांत खरा ड्रोन क्वचित असतो.

टॉर्च बंद करा, एका जागी उभे राहा आणि दिवा विजेच्या खांबाच्या टोकाशी जुळवा. मिनिटभर हललाच नाही तर तो बहुधा शुक्र. डोळा एकाच बिंदूवर खिळला की स्थिर ताराही हलल्यासारखा वाटतो, म्हणून खांब हवा. न लुकलुकता पाच-सहा मिनिटांत आकाश पार करणारा दिवा अंतराळ स्थानकाचा असू शकतो. ओळीने चालणारे ठिपके स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांचे, ते संध्याकाळी किंवा पहाटेच दिसतात. लुकलुकत सरळ जाणारं, न थांबणारं विमान. थांबतो, मागे फिरतो, सरळ वर चढतो आणि मधमाश्यांसारखा गुणगुणतो, तो ड्रोन.

आवाजावरून अंतर मात्र काढू नका. थंड, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरतो तो त्यामुळेच. असा थर असला की आवाज खाली वळतो आणि दिवसा ऐकू न येणारी गुणगुण रात्री डोक्यावर आल्यासारखी वाटते. दोन वस्त्यांवरचे लोक 'आमच्यावरच होता' म्हणतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

व्यावसायिक यंत्रणा चार वाटांनी शोधते. एक, रिमोट आणि ड्रोनमधला रेडिओ संवाद, तो बहुधा 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झवर असतो. आधीच आखलेल्या मार्गावर मुका उडणारा, किंवा युक्रेनच्या युद्धात आले तसा ऑप्टिकल फायबरच्या धाग्याने चालवलेला ड्रोन इथे सापडत नाही. दोन, रडार. त्याला पक्षीही ड्रोनएवढाच दिसतो, पण पंखांची फडफड आणि पात्यांचं फिरणं यांचे ठसे वेगळे उमटतात. तीन, मायक्रोफोन, ते वाऱ्यात बहिरे होतात. चार, कॅमेरे. थंडी इथे शोधणाऱ्याच्या बाजूने असते: मागे गार आकाश आणि पुढे तापलेल्या मोटरी. पण माझ्यासारख्या कॅमेऱ्यात 300 मीटरवर एका ठिपक्यात 40 सेंटिमीटर मावतात, म्हणजे अख्खा छोटा ड्रोन एक ठिपका. तो आधी दुसऱ्या वाटेने सापडला असेल तरच कॅमेरा पुढचं काम करतो.

तुमच्या-माझ्या हातात मोबाइल आहे. तोंडाने वेळ आणि दिशा बोलत, चौकटीत खांब किंवा घराचा कोपरा ठेवून, झूम न ताणता व्हिडिओ घ्या. ड्रोन परत कुठे वळला ते बघा, उडवणारा बहुधा त्याच बाजूला असतो. दगड, गोफण, बंदूक काही नको. 60 मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात खाली येते आणि सोबत पेट घेऊ शकणारी बॅटरी आणते. ऑनलाइन मिळणारे, ड्रोनचा सिग्नल तोडणारे जॅमर खाजगी माणसाने वापरणं बेकायदा आहे. 112 ला फोन करा आणि पोलिस पाटलांना कळवा.

मागच्या जानेवारीत मीच असा फोन केला होता. आमच्या वस्तीवर खरोखरचा ड्रोन होता, थांबत होता, वळत होता. मी वेळ, दिशा, उंचीचा अंदाज, सगळं नीट सांगितलं. पोलिस पाटील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे भाऊ, पण तुमचाच तर नाही ना?"